कारण अज्ञात

बुधवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी मी स्वयंपाकघरातल्या फोनची वायर काढली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती मी वहीत लिहिली होती. त्या काळात मी सगळंच वहीत लिहीत असे.

शालन भाकरी थापत होती. परातीतला हात न थांबवता तिनं विचारलं, "काय करताय ओट्याखाली?"

"गळती बंद करतोय."

"नळ तर चांगला आहे."

"नळाची नाही. फोनची."

आता हात थांबला. "दीडला नानाचा फोन येतो."

"येईल. फक्त वाजणार नाही. चार तासांचा प्रश्न आहे."

"मग हॉलमधला तरी राहू द्या."

"तोही काढलाय. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की मधला एकही दरवाजा उघडा ठेवत नसतात, शालन. नाहीतर टेलच्या, पार शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही."

तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं, त्यामुळे तिला कपाळावर हात मारून घेता आला नाही.

"अगं, तुझ्याच भावासाठी चाललंय हे," मी म्हणालो. "आणि उद्या संध्याकाळी तू त्याच्यासमोर बसलेली असशील. ऑपरेशन शुक्रवारी. पोटभर बोला की समोरासमोर."

भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "चार तास म्हणजे चारच हं."

नाना म्हणजे शालनचा थोरला भाऊ, कोल्हापूरचा. शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, पण गावाला ठाऊक होता तो कुस्तीच्या मैदानातला निवेदक म्हणून. तीस वर्षं त्यानं पंचक्रोशीतल्या मैदानांवर माइक धरला. नानाला माइकची गरज नाही अशी लोकांची समजूत होती, आणि एकदा ऐन शेवटच्या कुस्तीला माइक बंद पडला तेव्हा ती खरी निघाली. अशा माणसाच्या नेमक्या घशातच गाठ निघाली. देवाची पद्धत आमच्या पाटबंधारे खात्यातल्या बदल्यांसारखी असते. ज्याचा जिथं उपयोग, तिथून त्याला आधी हलवायचं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. नाना मला फोनवर म्हणाला, "दाजी, शुक्रवारपास्नं मी तुमच्या पार्टीत. बायकोपुढं तोंड न उघडणाऱ्यांच्या."

तोच नाना शालनला रोज दुपारी दीडला फोन करी. ती गावी गेली किंवा तो मैदानावर असला तरच खंड. विषय एकच. "शाले, आज काय केलंस?" मग ही सांगायची. भाजी कुठली, कशी चिरली, दाण्याचं कूट किती. "लसणाची फोडणी वरनं दिलीस का खालनं?" "वरनं." "मग बरोबर." दहा मिनिटं हे चाले. दोन साठी ओलांडलेली माणसं अडीचशे मैलांवरून दोडक्याबद्दल बोलतात, याची मला गंमत वाटायची. मी स्वतः हा प्रश्न शालनला कधी विचारला नव्हता. माझ्यापुढं ताट येतच होतं.

स्वयंपाकघरातली ती वायर १९९४ साली मीच ओढली होती. नानाचा फोन आला की ही हॉलकडे धावायची आणि इकडे भाजी लागायची. मी प्रेमापोटी ओढली असं तिला वाटतं. मी लागलेल्या भाजीपोटी ओढली होती.

आता गळतीचं. नानाचा मुलगा हेरंब आदल्या आठवड्यात मला म्हणाला, "मामा, बाबांच्या मैदानांच्या चौदा कॅसेटी होत्या घरात. कम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. नऊ तासांचं आहे. आत्याला आवाज तरी राहील. सीडी कुरियर करू?"

"सीडी कशाला?" मी म्हणालो. "आमच्याकडे ब्रॉडबँड आहे."

हे वाक्य उच्चारण्यासाठीच मी ब्रॉडबँड घेतलं होतं, आणि इतके महिने ते उच्चारायची वेळच आली नव्हती. हेरंबनं सगळं एका वेबसाइटवर चढवलं आणि लिंक पाठवली. सहाशे एमबी. बुधवारी रात्री बारापर्यंत उतरवून घ्या, नंतर ती आपोआप पुसली जाईल, असं त्यानं बजावलं. आणि सोमवारी तो नानाला घेऊन पुण्याच्या हॉस्पिटलात गेला.

मी रविवारी सकाळी डाउनलोड सुरू केलं. कम्प्युटर म्हणाला, उरलेला वेळ एकोणीस तास. तासाभरानं बघतो तर, उरलेला वेळ तेवीस तास. काम करत राहावं आणि उरलेला वेळ वाढत जावा, हे मी फक्त धरणांच्या बाबतीत पाहिलं होतं.

मग मी उपाय सुरू केले. कम्प्युटर बंद करून चालू केला. मोडेम बंद करून चालू केला. दर वेळी, आणि रोज लोडशेडिंग झाल्यावरही, डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मोडेम गरम लागला म्हणून त्याच्यावर टेबल फॅन लावला, तर शालननं विचारलं, "त्याला ताप आलाय का?" व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम चालवला, एकतीस व्हायरस सापडले. ते काढल्यावर वेग आणखी कमी झाला. बहुधा तेच बिचारे ओढत होते.

सोमवारी रात्री मला माझी नोकरी आठवली. बत्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर पाणी मोजलं. टेलचा शेतकरी ओरडत येतो, साहेब, पाणी येत नाही. अशा वेळी धरणाकडे बघायचं नसतं. वरून मोजत खाली यायचं, आणि जिथं आकडा पडतो तिथं कुणीतरी पाइप टाकलेला असतो. म्हणून मी एक वही घेतली, तीन रकाने आखले. वेळ, वेग, शेरा. आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहू लागलो.

मंगळवारी एक ते दोन या तासात आकडा दहावरून चारवर आला. शेरा: 'नानाचा फोन.' मी ओट्यामागं बॅटरी मारून पाहिलं. माझ्याच हातचे चार जोड, वर चिकटपट्टी, आत तांब्याला हिरवी बुरशी. उभं आयुष्य लोकांच्या बांधावर गळती शोधण्यात गेलं, आणि माझी निघाली स्वतःच्या ओट्याखाली.

तेव्हाच काढायला हवी होती. पण एका मोजणीवर निष्कर्ष काढायचा नाही हा खात्याचा दंडक. बुधवारी सकाळी, तुटलं तिथून पुढं उतरवणारा प्रोग्रॅम टाकून डाउनलोड नव्यानं लावलं आणि दुपारपर्यंत पुन्हा मोजलं. एक वाजता खात्री पटली. अजून चारशे वीस एमबी बाकी होते आणि सहा ते नऊ लोडशेडिंग. मी ओट्याखालची वायर काढली. हॉलमधला फोन काढला. फोन आणि मोडेम वेगळे करणारी छोटी डबी होती, तीही काढली. भिंतीतून येणारी वायर थेट मोडेममध्ये घातली. आकडा दहाचा अठ्ठावीस झाला.

"शालन!" मी ओरडलो. "अठ्ठावीस!"

"बरं," आतून आवाज आला. "जेवून घ्या."

जेवलो. काय जेवलो ते विचारू नका. माझं लक्ष पडद्यावरच्या निळ्या पट्टीवर होतं. ती सरकताना दिसत होती, डोळ्यांनी दिसत होती. कालव्यातून सोडलेलं पाणी रिकाम्या चारीत पुढं पुढं येताना दिसतं, तसं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

दीड वाजता शालन हात पुसत हॉलमध्ये आली. टेबलाखाली ठेवलेल्या फोनकडे पाहिलं.

"वाजला का हो?"

"वाजेल कसा? काढलाय."

"हां," ती म्हणाली. "सवयीनं आले."

आणि आत गेली.

दुपारभर मी वही भरत होतो. आवर्तन उत्तम चाललं होतं. फक्त पाच वेळा आकडा एकदम शून्यावर आला, मिनिटभर तिथंच राहिला आणि पुन्हा चढला. एक बत्तीस. एक एकेचाळीस. एक अठ्ठावन्न. दोन तीस. तीन बारा. मी वायर हलवून पाहिली, टेबल फॅन बंद केला, फ्रिजवर संशय घेतला. काही सापडलं नाही. सापडलं नाही की काय लिहायचं ते खात्यानं मला शिकवलेलं होतं. पाचही ठिकाणी मी शेरा लिहिला, 'कारण अज्ञात.'

शालन बॅग भरत होती. सकाळी सहाची श्रीरामपूर-पुणे गाडी होती. तिनं नानासाठी मफलर विणला होता, तो तिनं तीनदा घडी घालून तीनदा बॅगेत ठेवला.

"करडा घेतला," ती म्हणाली. "लाल त्याला आवडतो, पण हॉस्पिटलात लाल बरा दिसत नाही ना?"

"अं? हो. शहात्तर टक्के झालं."

पाच चाळीसला काम फत्ते झालं. मी आधी हॉलमधला फोन जोडला, कारण शब्द दिला होता. मग स्पीकरचा आवाज वाढवला आणि म्हटलं, "शालन, ये. खुर्चीत बस. डोळे मीट."

"काय हो हे लहान मुलासारखं?"

"मीट तर."

तिनं मिटले. मी पहिली कॅसेट लावली. आधी खरखर झाली, मग हलगी, मग शेदोनशे माणसांचा गलका, आणि त्या सगळ्यावरून आमच्या श्रीरामपूरच्या हॉलमध्ये नाना गरजला.

"मंडळीऽ! गोंगाट करू नका! पोरानं पट काढलाय, पट काढलाय बघा, आता दम धरा..."

शालनचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा मात्र उघडला. तिला कुस्तीतलं काही कळत नव्हतं, आयुष्यात ती एकही मैदान बघायला गेली नव्हती. पण ती हसायला लागली. तिचं तसं हसणं मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं, आणि ते मी घडवून आणलं होतं, अठ्ठावीसच्या वेगानं.

तेवढ्यात फोन वाजला.

तिनं डोळे उघडून फोन घेतला. "हेरंब? अरे, ऐक, नानाचा आवाज... काय?... कधी?"

"...खालनं घुसलाय! आरं, त्याला वर येऊ दिऊ नको!" नाना स्पीकरमधून ओरडत होता.

"उद्या? उद्या सकाळी सात? अरे, पण शुक्रवार म्हणाले होते ना... मग आत्ता दे त्याला फोन. एक मिनिट. अर्धं मिनिट दे."

"...माती लावा! माती लावा पोराला! मंडळी, मागं सरकाऽ"

"तो आवाज बंद करा हो!" शालन माझ्याकडे वळून ओरडली. "मला ऐकू येत नाहीये!"

मी माउस शोधू लागलो. गडबडीत तो टेबलामागं पडला. तेवढ्यात सहा वाजले आणि लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि नानाचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. अंधुक हॉलमध्ये आता फक्त हेरंबचा बारीक आवाज राहिला, रिसीव्हरमधून मलाही स्वच्छ ऐकू येणारा.

"आत्या, त्यांना चारलाच आत नेलं गं. सर्जनना शुक्रवारी बाहेरगावी जायचंय, म्हणून दुपारी एकाएकी ठरलं. आत मोबाइल चालत नाही, मलाही सोडत नाहीत. आम्ही दुपारी किती वेळा लावला तुला. नुसता वाजत होता. बाबा म्हणाले, बाजारात गेली असंल."

"हो," शालन म्हणाली. "बाजारात गेले होते."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. खूप हळू ठेवला, कुणी झोपलेलं असावं तसा. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मेणबत्ती कुठंय बघा," आणि मी ती बघायला गेलो. मिळाल्यावरही जरा वेळ बघतच राहिलो.

आम्ही गुरुवारी दुपारी पुण्याला पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. चांगलं झालं होतं. डॉक्टर खूश होते.

शनिवारी नानाला भेटू दिलं. गळ्याला पट्ट्या, नळ्या. एवढा मोठा माणूस त्या पांढऱ्या चादरीत मावल्यासारखा दिसत होता. शालननं मफलर उशाशी ठेवला. तो त्यानं चाचपला आणि भुवई उडवली. करडा का, असं असावं. मग त्यानं हेरंबकडे बोट नाचवलं. हेरंबनं पाटी-पेन्सिल दिली. चित्रकलेचा मास्तर, अक्षर मोत्यासारखं. त्या दिवशी मोती घरंगळलेले होते. त्यानं बराच वेळ लावून लिहिलं आणि पाटी बहिणीकडे फिरवली.

'बुधवारी काय केलं होतंस?'

मी खिडकीकडे वळलो.

"मेथीची पातळ भाजी," शालन मागं सांगत होती. आवाज अगदी रोजचा. "ज्वारीची भाकरी. आणि कांदा फोडून. मेथी कोवळी मिळाली होती रे. चिरली नाही, नुसती खुडली."

पाटीवर पेन्सिल कुरकुरली.

"वरनं," शालन म्हणाली. "वरनंच दिली फोडणी."

मी बाहेर आलो. हेरंब बाकावर बसला होता. मला बघून म्हणाला, "मामा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. बोलायचं असं काही नव्हतंच त्यांना. आज काय केलंय एवढंच विचारतो म्हणत होते. पाच वेळा लावला मी. हे बघा." आणि त्यानं मोबाइल पुढं केला.

त्यानं दाखवायला नको होतं. मला आकडे पाठ होतात.

घरी आल्यावर वही उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. एक बत्तीस. एक एकेचाळीस. एक अठ्ठावन्न. दोन तीस. तीन बारा. वाजायला फोन नव्हता आणि अडवायला ती छोटी डबी नव्हती, म्हणून प्रत्येक रिंगनं थेट मोडेमला धक्का दिला होता. नाना पाच वेळा आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मी प्रत्येक वेळी घड्याळ बघून त्याची नोंद घेतली.

त्याच पानावर मी आणखी एक गणित केलं. नानाचा फोन झाल्यावर दोनला वायर काढली असती, तर सहापर्यंत थोडंसं उरलं असतं. ते नऊला लाइट आल्यावर वीसेक मिनिटांत उतरलं असतं, बाराच्या कितीतरी आधी. हे गणित एक वाजताही करता येण्यासारखं होतं. चौथीचं होतं.

पुढच्या आठवड्यात कुरियर आलं. हेरंबनं निघण्याआधी सीडीही पाठवून ठेवली होती. 'मामांचं ब्रॉडबँड आहे, तरी असू दे', अशी चिठ्ठी होती.

नाना त्यानंतर सहा वर्षं जगला. मी स्वयंपाकघरात नवी वायर घातली, नवी डबी लावली. दीडला फोन वाजायचा. शालन उचलायची आणि बोलायला लागायची, आज दोडका, आज पिठलं. पलीकडून काही येत नसे. फोडणी वरनं असेल तर नाना रिसीव्हरवर बोटानं एकदा टकटक करी. त्या नऊ तासांच्या कॅसेटी मात्र तिनं पुन्हा कधी लावल्या नाहीत. मीही लाव म्हटलं नाही. वही मी तिला दाखवली नाही. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या तळाशी ठेवून दिली. आपण सांगितलं नाही म्हणजे तिला कळलं नाही, असा माझा हिशेब होता.

परवा आम्ही फायबरची लाइन घेतली. बसवायला आलेला माणूस म्हणाला, आजोबा, आता स्पीडची कटकट विसरा. खरं आहे. नानाचे नऊ तास आता एका मिनिटाच्या आत उतरतील. जुन्या वायरी टाकून द्यायला मी खालचा खण उपसला, आणि वही वर आली.

बुधवारचं पान काढलं. माझं निळं अक्षर, तीन रकाने. पण पाच ठिकाणी 'कारण अज्ञात' वर एक सरळ रेघ मारलेली होती, चूक दुरुस्त करताना मारतात तशी, आणि पुढं पेन्सिलीनं शालनच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं.

नाना.
नाना.
नाना.
नाना.
नाना.

कधी लिहिलं होतं कोण जाणे. पेन्सिल पुसट झाली होती. वर्षं झाली असणार.

आतून तिचा आवाज आला. "ताट वाढलंय हो."

मी वही मिटून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. ती पाठमोरी होती. ओट्यावर तो जुना फोन अजून आहे, तिनं काढू दिला नाही. मी विचारलं,

"आज काय केलंयस?"

तिचा हात थांबला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे. पुन्हा पातेल्याकडे वळली.

"बसा," ती म्हणाली. "ताटात दिसेलच."